बत्तीस बोर आणि अडीच इंची पाईप

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आम्ही परभणीकर कशालाही चिकटवतो. पुरावा कुणी मागत नाही आणि आम्ही देतही नाही. पिस्तुलाच्या बाबतीत मात्र पुरावा आहे. प्लॅस्टिकच्या अंगाचं पहिलं पिस्तूल जर्मनीत निघालं, १९७० साली. हेकलर अँड कॉख कंपनीचं व्हीपी-७०. आणि पिस्तूल प्लॅस्टिकचं चांगलं की पोलादाचं, यावरची भारतातली सगळ्यात लांबलेली चर्चा परभणी-जिंतूर रस्त्यावर, झरीत, चहाच्या हॉटेलात चालते. चर्चा करणाऱ्यांपैकी एकाकडंही पिस्तूल नाही. म्हणूनच ती इतकी टिकली. ज्याच्याकडं वस्तू असते तो 'बरी हाय' म्हणून गप्प बसतो.

चर्चेचा कच्चा माल मोबाईलवर येतो. अमेरिकेतला कुणी दाढीवाला गडी रानात उभा राहून एकामागून एक पिस्तुलं झाडतो आणि कोणत्या गोळीनं किती नुकसान होतं हे दाखवायला समोर टरबुजं मांडून ठेवतो. नऊ एमएमनं टरबूज फुटतं, पंचेचाळीसनं उधळतं. झरीत हे पाहताना पहिला प्रश्न येतो, "तिकडं टरबुजाला भाव काय असंल हो?" दुसरा येतो, "ह्याच्या बापाला म्हाईत हाय का हे?" भाव पडलेला असणार, त्याशिवाय कुणी असा माल वाया घालवत नाही, यावर एकमत झालं की मग विषय पिस्तुलावर येतो.

पोलादाच्या पक्षाचे पुढारी आबा. आबांचं म्हणणं असं, की वस्तू हातात घेतल्यावर हात थोडा खाली गेला पाहिजे. पहार असो, कुलूप असो, नाहीतर सत्काराचा हार असो, वजन नाही तर राम नाही. त्यांचा जीव अमेरिकी कोल्टच्या १९११ वर आहे. जॉन ब्राउनिंग या कारागिराची ती करामत. नावातच जन्मसाल, रिकामं असताना वजन एक किलो शंभर ग्रॅम, बोर पंचेचाळीस. एवढा मोठा बोर का, तर फिलिपीन्समधल्या मोरो लढवय्यांवर अमेरिकनांच्या अडतीस बोरच्या गोळ्या वाया जाऊ लागल्या. गोळी लागलेला माणूस पडायच्या आधी दोन वार करून जायचा. मग १९०४ साली थॉम्पसन नावाचा लष्करी अधिकारी आणि ला गार्ड नावाचा लष्करी डॉक्टर शिकागोच्या कत्तलखान्यात गेले आणि वेगवेगळ्या मापांच्या गोळ्या जनावरांवर झाडून पाहिल्या. निष्कर्ष निघाला, पंचेचाळीसच्या खाली काम भागत नाही.

ही हकिकत आबांना सांगायला नको होती.

"बैलावर?" आबांनी कप खाली ठेवला. "बांधलेल्या बैलावर गोळ्या झाडून माप ठरवलं? आन् ते दोघं शिकलेले होते म्हणतोस?" नंतर कितीतरी दिवस आबांनी पंचेचाळीसचं नाव काढलं नाही. पोलाद सोडलं नाही, पण बोर बदलला.

प्लॅस्टिकचा पक्ष तरुणांचा. त्याचा म्होरक्या माझ्या मामांचा धाकटा. फाट्यावर पाईप आणि मोटारींचं दुकान चालवतो, म्हणजे प्लॅस्टिकवर त्याचा प्रपंच आहे आणि मताला स्वार्थाची धार आहे. त्याचा देव ग्लॉक. गास्टन ग्लॉक हा ऑस्ट्रियाचा, पण आमच्याकडं तो जर्मनीच्याच खात्यावर मांडला जातो. या माणसानं आधी पडद्याचे रॉड आणि लष्करासाठी सुऱ्या केल्या, पिस्तूल कधीच केलेलं नव्हतं. ऑस्ट्रियाच्या लष्कराला नवं पिस्तूल हवंय असं कळल्यावर त्यानं जाणकार गोळा केले, नायलॉनच्या जातीच्या प्लॅस्टिकचा सांगाडा ओतला आणि १९८२ साली भल्या भल्या कारखान्यांना मागं टाकून ठेका मिळवला. त्याचं हे सतरावं पेटंट, म्हणून नाव ग्लॉक-१७. योगायोगानं त्यात गोळ्याही सतरा बसतात. वजन सव्वासहाशे ग्रॅमच्या आसपास.

"पडद्याचे रॉड करत होता म्हणजे हार्डवेअरवालाच की," असं कुणीतरी म्हणालं तेव्हा धाकट्याच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते त्याच्या लग्नातही नव्हतं.

खरं पाहिलं तर झरीनं हा वाद एकदा निकाली काढलेला आहे, फक्त तो बोअरवेलमध्ये काढला होता. आत मोटार सोडायची तर पाईप जीआयचा की एचडीपीईचा, यावर घराघरांत उभी फूट पडली होती. जुने लोक म्हणायचे, लोखंड ते लोखंड. प्लॅस्टिक तुटलं तर मोटार तळाला जाईल. तरुण म्हणायचे, लोखंड गंजतं, आणि वर काढायला चेन-कप्पी आणि दहा माणसं लागतात. शेवटी झालं काय? मोटार प्लॅस्टिकवर लोंबू लागली, पण तिला धरायला वरून एक लोखंडी तार किंवा दोर बांधलेला राहिला. ग्लॉकचंही नेमकं हेच आहे. 'प्लॅस्टिकचं पिस्तूल' म्हणतात, पण त्याची नळी पोलादाची, वरचा सरकता भाग पोलादाचा, वजनानं बघाल तर बहुतेक पिस्तूल पोलादच. जिथं स्फोट होतो तिथं लोखंड, जिथं हात लागतो तिथं प्लॅस्टिक. विमानतळाच्या यंत्रात ते सापडत नाही ही निव्वळ अफवा, सिनेमावाल्यांनी वाढवलेली. १९९० च्या 'डाय हार्ड २' मध्ये तर त्याला चिनी मातीचं आणि वर जर्मनीचं ठरवलं होतं. म्हणजे ऑस्ट्रियाचा माल जर्मनीच्या खात्यावर मांडण्यात आम्ही एकटे नाही.

बोरच्या मापांविषयी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती कळल्यापासून धाकटा दुकानात गिऱ्हाइकांना ऐकवत असतो. अडतीस बोर म्हणजे इंचाचे अडतीस शतांश, असं आपण समजतो. प्रत्यक्ष गोळी मोजली तर भरते .३५७ इंच. नऊ एमएमची गोळी .३५५. म्हणजे ज्या दोन मापांच्या नावानं हॉटेलात एकमेकांची आई-बहीण निघाली, त्यांच्यात फरक इंचाच्या दोन सहस्रांशांचा. बत्तीस बोर मोजलं तर .३१२ भरतं. "आमच्याकडं अडीच इंची म्हणून अडीचपेक्षा कमी पाईप दिला तर लोक दुकान पेटवतील," धाकटा म्हणतो. त्याच्या दुकानात अडीच इंची पाईप म्हणजे ७५ एमएम, तोही बाहेरून मोजलेला. पण हे गिऱ्हाइकाला सांगायची त्याला गरज वाटत नाही.

आता खरी गंमत. या सगळ्या वादाचा निकाल सरकारनं आधीच लावून ठेवलाय. नऊ एमएम, अडतीस, पंचेचाळीस ही लष्कर-पोलिसांच्या वापरातली मापं. साध्या नागरिकाला ती मना. साध्या माणसाच्या वाट्याला पिस्तूल-रिव्हॉल्व्हरमध्ये येतं ते मुख्यतः बत्तीस बोर, नाहीतर बावीस. भीती जुनीच आहे, फौजेची काडतुसं पळवून कुणी आपल्या बंदुकीत घालू नयेत. इंग्रजांनी १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात .४५० बोरच्या रायफली तशाच एका भीतीपोटी बंद केल्या, तेव्हा विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी काय केलं? .४७० चं माप काढलं आणि धंदा चालू ठेवला. कायद्यातून दोन शतांश इंचाची वाट काढणारे ते लोक झरीत जन्मले असते तर किमान सोसायटीचे चेअरमन झाले असते.

बत्तीस म्हटल्यावर धाकट्याचं तोंड पडलं. त्याला धीर द्यायला मी जेम्स बाँडचं सांगितलं. १९६२ च्या 'डॉक्टर नो' मध्ये बाँडच्या हातात वॉल्थर पीपीके येतं ते ७.६५ एमएम, म्हणजे आपलं बत्तीसच. तेही त्यानं निवडलेलं नाही. आधीचं त्याचं लाडकं बेरेटा साहेबानं काढून घेतलं आणि हे हातात ठेवलं. तोही सरकारी नोकर. मंजूर झालेलं साहित्य सही करून घ्यायचं, एवढंच त्याच्या हातात. आबांना बाँड एकदम जवळचा वाटू लागला.

बोर ठरला, धातूही ठरल्यातच जमा. सामान्य परवानाधारकाला बाहेरून पिस्तूल आणणं १९८० च्या दशकापासून बंद आहे. सवलत आहे ती नामवंत नेमबाजांना. त्यामुळं ग्लॉक मोबाईलमध्येच राहतं, आणि कुणाच्या आजोबांच्या पेटीतलं जुनं विलायती वेब्ले विकायला निघालं तर त्याचा भाव ट्रॅक्टरच्या भाषेत सांगतात. उरले आपले देशी कारखाने, त्यांतही मुख्यतः सरकारी. कानपूरचं बत्तीस बोर रिव्हॉल्व्हर, 'अशनी' पिस्तूल, आणि २०२३ साली आलेलं 'प्रबल' नावाचं सातशे ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर, ज्याची चकती बाजूला उघडते. पोलादाचा पक्ष जवळजवळ बिनविरोध. बंडखोर उमेदवार एकच, २०१४ साली निघालेलं 'निर्भीक'. दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर बायकांसाठी म्हणून काढलेलं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, अर्ध्या किलोचं रिव्हॉल्व्हर. दागिन्याच्या डबीत ठेवून द्यायचे. किंमत तेव्हा १,२२,३६० रुपये.

हे मामीला सांगितलं. मामीनं डबी कशी होती ते आधी विचारलं, मग किंमत विचारली, मग दोन मिनिटं गप्प बसून हिशेब केला. "तवा चार तोळे आले असते त्याच्यात," ती म्हणाली. "चार तोळ्यांचं आज काय झालं असतं, बगा. आन् त्या निर्भीकचं काय झालं असतं?" मामा म्हणाले, "अगं जिवाच्या रक्षणासाठी असतंय ते." मामी म्हणाली, "चार तोळे गळ्यात नसले की जिवाला धोका कोण करतंय?"

मामांची मात्र हौस जाईना. सोसायटीवर निवडून आल्यापासून त्यांना कमरेला काहीतरी असावं असं वाटू लागलं होतं. मोबाईलचं कव्हर लावून पाहिलं, समाधान झालं नाही. परवान्यासाठी अर्ज भरायचा ठरलं. परवाना देणार जिल्हाधिकारी. त्याआधी पोलिसांची चौकशी, डॉक्टरचा दाखला, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. हे सगळं जमण्यासारखं होतं. अडलं ते एका रकान्यात. शस्त्र कशासाठी पाहिजे, त्याचं सबळ कारण द्या. मामांनी बाणेदारपणे लिहिलं, 'जिवास धोका'. मग प्रश्न आला, कुणापासून?

आणि इथं मामा आयुष्यात पहिल्यांदा हरले. झरीत त्यांचं बारा जणांशी बोलणं बंद आहे, पण ते सगळं तोंडी. लेखी शत्रू एकही नाही. बांधावरून ज्यांच्याशी पिढीजात वाद आहे त्या भावकीतल्या अण्णांकडं मामा स्वतः चालत गेले. कितीतरी वर्षांनी त्या घरचा चहा घेतला आणि म्हणाले, "अण्णा, तुम्ही मला जिवे मारायची धमकी दिली होती ना त्या साली? तेवढी जरा लिहून द्या. तारीख मी टाकतो."

अण्णा गडबडले नाहीत. "तोंडी म्हणशील तर आत्ता चार देतो," ते म्हणाले. "लेखी जमायचं न्हाई. उद्या तू झोपेत गेलास तरी पोलीस माझ्याच दारात येतील. आन् धर, त्यांनी तुला पिस्तूल दिलं. ते तू कुणाच्या विरुद्ध घेतलं म्हणायचं? माझ्याच ना? म्हणजे मीच अर्ज करून मला मारायचं हत्यार तुला मिळवून देऊ?" मामांना उत्तर सुचलं नाही. चहा मात्र चांगला होता, असं त्यांनी घरी येऊन सांगितलं.

मग चौकशीला जमादार आले. मामांनी गावाला आधी बजावून ठेवलं होतं, माझ्याविषयी चांगलं सांगा. गावानं जीव ओतून सांगितलं. देवमाणूस. कुणाच्या अध्यात ना मध्यात. रात्री-अपरात्री एकटे फिरतात, कुणी वाकड्या नजरेनं बघत नाही. जमादारांनी ते सगळं लिहून घेतलं आणि मामांचा अर्ज त्या कौतुकाखाली गाडला गेला. गावानं वाईट सांगितलं असतं तरी गाडला गेलाच असता, कारण वाईट माणसाला शस्त्र देत नाहीत. कायद्याला असा माणूस पाहिजे, ज्याचं कुणाशी वाकडं नाही आणि तरी ज्याच्यावर कुणीतरी टपून बसलंय. माझ्या पाहण्यात अशी माणसं फक्त मराठी मालिकांत असतात.

हा चाळणीचा कारभार सगळीकडं सारखा चालतो असंही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा निर्घृण खून झाला आणि बीड जिल्ह्यातली कमरेची पिस्तुलं राज्यभर चर्चेत आली. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी त्या वेळी जे आकडे मांडले त्यांत बीडचे परवाने १२२२ होते आणि परभणीचे ३२. त्यातलं हसण्यासारखं फक्त आमच्या बाजूला आहे. शेजारच्या जिल्ह्याशी तुलना झाली की आम्ही मागं असायचं, याची आम्हाला सवय आहे. पण मागं राहिल्याबद्दल हायसं वाटावं अशी यादी पहिल्यांदाच पाहिली. हॉटेलात आकडा वाचून दाखवला तेव्हा आबा म्हणाले, "परवाने बत्तीस, बोर बत्तीस. म्हंजे सरकारनं मोजूनच दिलेत."

अर्ज बारगळल्यावर मामांना समजावायला मी बाहेरगावच्या एका परवानाधारकाची दिनचर्या सांगितली. खरं पिस्तूल काय करतं? निवडणूक लागली की ठाण्यात जमा होतं. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा मिळून आचारसंहितेचे जवळपास चार महिने भरतात, म्हणजे जेव्हा भांडणाचा मोसम असतो नेमकं तेव्हाच ते सरकारी कपाटात. लग्नात हवेत गोळी झाडावी म्हटलं तर २०१९ च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. तो कायदा चांगला आहे. वर गेलेली गोळी कुणाच्या तरी मांडवात खाली येतेच. काडतुसं किती घ्यायची तेही परवान्यावर लिहिलेलं. उरतं काय, तर कमरेला लावून मिरवणं. आणि इथं प्लॅस्टिकचा साफ पराभव होतो. हलकं पिस्तूल सदऱ्याखाली दिसतच नाही. ज्यानं पट्टा एका बाजूनं ओघळतो, खुर्चीत बसताना जे खटकन वाजतं, आणि बसल्यावर जे काढून टेबलावर ठेवावं लागतं, तेच पिस्तूल खरं. म्हणून मला विचाराल तर ज्याला खरंच जिवाची भीती आहे त्यानं हलकं घ्यावं आणि ज्याला भीती नाही त्यानं जड. आमच्या भागात जडाला मागणी जास्त असते, यावरून काय ते समजा.

बेकायदा मालाचं मी बोलत नाही. तो गावठी कट्टा अधूनमधून पेपरात दिसतो, धातूचाच असतो, आणि फोटोत त्याच्या मागं कायम दोन पोलीस उभे असतात.

झरीला हत्याराची गरज नाही असं मात्र समजू नका. गरज रानात आहे. सोयाबीन भरात आलं, हरभरा घाट्यावर आला की रानडुकरं उतरतात. त्यांना मारायला वनखात्याची परवानगी लागते, आणि ती मिळाली तरी बत्तीस बोरनं डुकराचं काही होत नाही. फक्त ते रागावतं. मग हुशार पोरांनी पीव्हीसीच्या पाईपमध्ये कार्बाइड घालून आवाजाची तोफ काढली. प्लॅस्टिकच्या पक्षाचा हा एकमेव प्रत्यक्ष विजय, आणि तो फार महागात पडला. २०२५ च्या दिवाळीत भोपाळकडं याच पाईपांनी कितीतरी पोरांचे डोळे भाजले. धाकट्यानं त्या कामासाठी पाईपचा तुकडा विकणं बंद केलं. कुणी विचारायला आलं की तो म्हणतो, "किती फूट पाहिजे ते सांगू नका, कशाला पाहिजे ते सांगा." परवान्याच्या अर्जातला रकाना त्याच्या कामी आला.

शेवटी मामांनी बाजारातून भोंगा आणला. बॅटरीवर चालतो, रात्रभर कुत्र्यांचं भुंकणं आणि वाघाची डरकाळी आलटून पालटून वाजवतो. डुकरं आठ दिवस बिचकली. मग त्यांना कळलं, की हा वाघ दर सात मिनिटांनी ओरडतो आणि येत कधीच नाही. तेव्हा मामीनं भोंग्यातली चिप काढायला लावली आणि स्वतःच्या आवाजात अर्धा तास रेकॉर्ड करून दिलं. त्यात डुकरं होती, मामा होते, सोसायटी होती, पिस्तुलाचा अर्ज होता, बांध कोरणारे होते. त्या रानात डुकरं फिरकत नाहीत. मामाही राखणीला जायचे बंद झालेत.

परवा अण्णा पेन ड्राइव्ह घेऊन आले. त्यांच्याही हरभऱ्यात डुकरं आहेत. म्हणाले, "वहिनी, तेवढं रेकॉर्डिंग द्या. माझ्या नावाचं जिथं येतंय तेवढं फक्त काढून." मामी म्हणाली, "तेच तर डुकरं ऐकतात."